फटीतले दोन जिने

डीटेल : जवळून

मुलगी जिन्याच्या पायथ्याशी पालथी पडली होती. एक चप्पल पायात, दुसरी वर कुठल्याशा पायरीवर. मान वळायला नको तितकी वळलेली. गळ्यातला स्कार्फ पाठीवर पसरला होता. त्याच्या चुण्यांमध्ये थोडा भुसा आणि दोन-चार स्क्रू अडकले होते.

स्क्रू सगळीकडेच होते. सुतारकामाची जागा.

तपासाला आलेल्या बाईंना ठाण्यात मागून 'नाकाडी' म्हणत. नाक मोठं होतं म्हणून नव्हे, सदा मुरडलेलं असे म्हणून. आजही मुरडलं. सरस, तुंबलेलं गटार आणि त्यावर गुलाबाच्या वासाचं काहीतरी, असं सगळं एकदम आत गेलं.

जिना खोटा होता. म्हणजे प्लायवूडचा, पण मापाने खरा. शहरात दोन जुन्या इमारतींच्या मधल्या फटीत ऑफिसांचा उंच टॉवर उभा राहायचा होता. जागा इतकी अरुंद, की कागदावर कुणाचं कुणाला पटेना. म्हणून एका मजल्याचा जिना आधी या गोदामात उभा केला होता, चालून बघायला. आज तो अग्निशमन अधिकाऱ्यांना दाखवायचा होता.

एका लांबट खोक्यात शेजारी-शेजारी दोन चढ. एक पुढच्या दाराकडून मागे वर जाणारा, दुसरा मागून पुढे वर येणारा. मध्ये काही नाही. मुलगी मागच्या चढाच्या पायथ्याशी.

डॉक्टर हातमोजे काढत उठले.

"पडून?"

"दिसतंय तसं. बाकी कापून पाहिल्यावर सांगतो."

नाकाडीला तो वास सहन होईना. ती बाहेर आली. सावलीत एक लांबलचक गाडी उभी होती. तिच्या बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवून तिने खोल श्वास घेतला. लोखंड गारेगार होतं. बरं वाटलं.

"टेका, टेका, माझीच आहे," मागून आवाज आला. "मलाही तसंच झालं हो. गाडीतून उतरलो, आत गेलो, आणि डोळ्यांदेखत... लगेच फोन केला तुम्हाला. बरं झालं, ठाणं कोपऱ्यावरच आहे."

ते टॉवरचे आर्किटेक्ट. सगळे त्यांना सर म्हणत. सर हाताला क्रीम चोळत होते. गुलाबाचं.


एलिव्हेशन : समोरून

ऑफिसात शिरताच समोर टॉवरचं चित्र. भिंतीएवढं. दोन मळकट इमारतींमध्ये खुपसलेली काचेची सुरी. दारात हसणारी माणसं रंगवलेली, कुणाच्याही चेहऱ्यावर घाम नाही.

चित्राखाली मऊ कोचावर एक बाई ताठ बसली होती. पाठ टेकत नव्हती. मेलेली मुलगी तिची धाकटी बहीण.

"मी ताई तिची. एक विचारू? कागदावर काय लिहिणार आहात तुम्ही?"

"जे झालं ते."

"यांनी आधीच लिहून टाकलंय. सगळ्या स्टाफला मेसेज गेलाय. 'आपल्या लाडक्या सहकारिणीचा तिच्याच सदोष जिन्यावरून पडून अंत.' सदोष. ती अजून तुमच्या टेबलावर आहे आणि हे सदोष लिहून मोकळे."

नाकाडीने मेसेज वाचला. शेवटी हात जोडलेले आणि एक पांढरं फूल.

"धाकटी काही बोलली होती? काल?"

"जेवताना फोन केला होता. घास तोंडात असतानाच बोलायची, ती सवय काही गेली नाही. म्हणाली, ताई, जमलं. एवढ्याशा जागेत दोन जिने बसवले. एकात धूर झाला तर दुसरा मोकळा. दोन माणसं शेजारी-शेजारी वर-खाली जातील आणि एकमेकांना दिसणारसुद्धा नाहीत." ताई थांबली. "मी म्हटलं, मग भांडायचं कसं? तर म्हणाली, भांडायला सर आहेत ना."

"सरांशी भांडण होतं?"

"सरांना दुसऱ्या जिन्याच्या जागी केबिनी हव्या होत्या. मालकाला शब्द देऊन बसले होते." तिने चित्राकडे पाहिलं. "आता जिनाच वाईट ठरला की झालं. उद्या आग लागली तर त्या चित्रातली माणसं कुठून उतरणार? आणि नाव कुणाचं खराब? माझ्या धाकटीचं."

आतून कॉफीचा ट्रे आला. कपांवर टॉवरचं चित्र होतं. नाकाडीने कप उचलला नाही.


प्लॅन : वरून

सरांच्या टेबलावर नकाशा पसरला होता. नुकताच छापलेला, कागद अजून कोमट होता. तो सरांच्या भाच्याने आणला. भाचा इथेच नकाशे काढायचा. तो दाराशी उभा राहिला आणि स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"ती आमच्या घरातलीच होती," सर म्हणाले.

"घरातलं राहू द्या. सकाळचं सांगा."

"अधिकारी यायच्या आधी एक नजर टाकावी म्हणून गेलो. हा बघा," क्रीमने चकाकणारं बोट नकाशावर टेकलं, "हा पुढचा चढ. मी इथून चढत होतो. अर्ध्यात आलो असेन. बाजूला पाहतो तर ती पलीकडच्या चढाच्या वरच्या टोकाला. तिथून उतरायला लागली."

"तुम्हाला दिसली?"

"तुम्ही मला दिसताय तशी. म्हणाली, सर, बघा. आणि पाय सटकला. धरायला काही नाही. गेली खाली."

"धरायला काही का नाही?"

"हेच तर." सरांनी उसासा सोडला. "ही मधली बारीक रेघ दिसतेय? हा कठडा. दोन चढांच्या मधला. नकाशात आहे, जिन्यावर नाही. बसवायचा विसरली. मुलगी हुशार होती, पण स्वतःच्याच कौतुकात. आता असा जिना मी टॉवरमध्ये कसा घालू? उघडा, सुटसुटीत एकच जिना करू म्हणतो. तिच्या स्मरणार्थ."

"स्मरणार्थ."

"हो. छोटी पाटी लावू."

नाकाडीने जिभेवर आलेलं गिळलं. ते कडू होतं.

"तुमच्या तळहाताला काय झालं?"

"फोड आलाय. कॉफीच्या मशिनची वाफ."

"दोन्ही हातांना?"

"मशीन मोठं आहे हो."

ती भाच्याकडे वळली. "तुम्ही काढलात हा नकाशा?"

"मामांनी... सरांनी सांगितला तसा."

"कधी सांगितला?"

भाच्याने मामाकडे पाहिलं.

"नकाशे रोज बदलतात, मॅडम," सर म्हणाले.


सेक्शन : कापून

दवाखान्यातून फोन आला तेव्हा नाकाडी गोदामातच होती. तिने डॉक्टरांचं ऐकून घेतलं, मग दारापर्यंत जाऊन थुंकून आली.

तिने सगळ्यांना बोलावलं होतं. सर, भाचा, ताई. सरांनी नाकाला रुमाल लावला होता.

गोदामाच्या कडेला प्लायचे तक्ते रचलेले होते. दोन शिपायांनी ते एकेक करून ओळीने जमिनीवर मांडले. कुठला कुणाशेजारी, हे कडांवरच्या पेन्सिलीच्या खुणा सांगत होत्या.

"वरून पाहिलं की तुमचं सगळं पटतं," नाकाडी म्हणाली. "दोन चढ, मध्ये रेघ. तुम्ही म्हणता, रेघ म्हणजे कठडा. म्हणून मी बाजूने बघायचं ठरवलं. ताई, या तक्त्यांवर काय दिसतं?"

ताई वाकली. "भोकं. तिरक्या ओळीत. इकडून वर जाणारी." तिने एक तक्ता पलटला. "आणि मागच्या अंगाला उलटी. तिकडून वर जाणारी."

"दोन्ही मिळून?"

"फुली होते."

"जिन्यावरून चालताना धरायच्या दांड्या होत्या तिथे. एका अंगाला एका जिन्याची, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याची. दोन्ही जिने एकमेकांना फुलीसारखे छेदून जातात. आणि हे तक्ते म्हणजे मधली भिंत. धाकटी कठडा विसरली नव्हती. कठड्याची गरजच नव्हती, तिथे जमिनीपासून छतापर्यंत भिंत होती. दोन माणसं, एकमेकांना न दिसता."

"असेल," सर रुमालातून म्हणाले. "तिने काल काढली असेल. सुतारांनी काढली असेल. मी गेलो तेव्हा नव्हती."

"हं. मग प्रश्न एवढाच, की भिंत आधी गेली की मुलगी आधी पडली."

तिने खिशातून एक स्क्रू काढून तळहातावर धरला.

"तिच्या पाठीवर स्क्रू होते. अंगाखाली नव्हे, अंगावर. स्कार्फच्या चुण्यांत. वर भुसा. ती पालथी पडली होती, तेव्हा पडताना ते तिने पाठीवर सांभाळून आणले नसणार. ती तिथे पडलेली असताना कुणीतरी तिच्या डोक्यावरची भिंत खोलत होतं."

रुमाल खाली आला.

"म्हणजे ती पडली तेव्हा भिंत उभी होती. पुढच्या चढावरून तुम्हाला ती दिसणं शक्य नव्हतं. तुम्ही दुसऱ्या चढावर होतात, वर, तिच्याजवळ. तुम्ही नुकतेच पोचलाही नव्हता. मी आले तेव्हा तुमच्या गाडीचं बॉनेट विहिरीतल्या दगडासारखं गार होतं. सुतारांना सांगितलं असतं तर त्यांनी तिला कळवलं असतं, म्हणून स्वतःच ड्रिल घेऊन आलात. अधिकाऱ्यांना भिंत नसलेला, एकच उघडा जिना दाखवायचा, एकदा त्यांनी मान डोलावली की मालकाच्या केबिनी मोकळ्या. हाताला सवय नाही, फोड आले. आणि मध्येच ती आली."

"मॅडम, कल्पना छान आहे, पण..."

"भाचेसाहेब," नाकाडी न वळता म्हणाली, "रेघ कधी बारीक केलीत?"

भाच्याचा आवाज फाटला. "आज. मामांचा फोन आला, मधली भिंत पुसून कठडा दाखव म्हणाले. मी विचारलं, तिला विचारू का? तर म्हणाले, तिला कळवायची गरज नाही." तो भिंतीशी जाऊन बसला. "मला वाटलं, रोजचंच भांडण असेल. मला खरंच तसंच वाटलं, ताई."

ताईने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"ढकललंत?" नाकाडीने विचारलं.

"तिने ड्रिलला हात घातला. मी हिसकलं." सर आता साध्या, कामाच्या आवाजात बोलत होते, जणू मीटिंग चालली होती. "तोल तिचा गेला. मुद्दाम कोण करेल?"

"ते कोर्टात ठरेल. पण पुढचं मुद्दाम होतं. डॉक्टर म्हणतात, ती लगेच गेली नाही. बराच वेळ जिवंत होती. तेवढ्यात तुम्ही काय केलंत?"

सरांनी रुमालाची घडी घातली.

"तुम्ही उरलेली भिंत काढलीत. तिच्या अंगावर स्क्रू पडत होते आणि तुम्ही पुढचा काढत होता. मग तक्ते रचलेत. हाताला क्रीम लावलंत. मग फोन."

सरांनी आजूबाजूला पाहिलं, जणू कुणीतरी समजूतदार माणूस भेटेल. शेवटी ताईच समोर होती. तिलाच म्हणाले, "तुम्हीच सांगा. एवढीशी फट. त्यात भिंतीला जागा कुठे होती?"

ताईने हात उचलला नाही. नुसती दोन पावलं मागे सरकली, पायाखाली काही सांडल्यावर माणूस सरकतं तशी.


चालून

कोर्टाला दाखवायला भिंत पुन्हा जागेवर बसवली गेली. त्याच तक्त्यांची, त्याच भोकांत, त्याच दांड्या लावून. पहिल्यांदा कुणी चालून बघायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा ताई आधीच पुढच्या दारात उभी होती.

नाकाडी वळसा घालून मागच्या दाराने आत गेली. जमीन धुतलेली होती, तरी तिने ती जागा टाळून पहिली पायरी घेतली.

भिंतीपलीकडे पावलं वाजत होती. जवळ आली. अगदी शेजारी आली. थांबली.

प्लायवर टकटक झाली.

"मॅडम? आहात का?"

"आहे."

"दिसत नाही काहीच."

"नाही दिसत."

मग पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि ताई म्हणाली, "बरोबर केलंय मग तिने. तेवढं लिहा."

"लिहिलंय."

पावलं पुढे निघाली. नाकाडीने चढायला दांडी धरली आणि झटक्यात सोडली. तळवा गुळगुळीत झाला होता. वास घ्यायची गरज नव्हती, गुलाबाचंच क्रीम असणार. तिने तो पँटला खसाखसा पुसला आणि मधून, काही न धरता, वर गेली.