कच्च्या कातड्याचे म्यान

निवळगडाच्या कड्यांवर नुकते कोठे तांबडे फुटत होते, खाली सिदोजीराव पांगेऱ्यांच्या वेढ्यातले तंबू धुक्यातून एकेक उघडे पडत होते, आणि वर बालेकिल्ल्यात किल्लेदार हैबतराव घोरड गडाच्या जीनगराला, दुल्बाजीला, आपली काख दाखवीत उभे होते.

"येथे, अंगरख्याच्या आत. तमंचा बाहेरून दिसता कामा नये, आणि हात घालताच हाती आला पाहिजे. सिदोजी पडला की वेढा आपोआप उठेल. उद्या दुपारच्या भेटीआधी म्यान तयार हवे."

दुल्बाजीला कालचा प्रसंग आठवला. कालच भवानीच्या देवळात, साऱ्या शिबंदीदेखत, याच हैबतरावांनी बेलभंडार उचलून शपथ वाहिली होती, की सिदोजीरावांनी निःशस्त्र गडावर यावे, तह बोलावा, त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही. आता तेच हात काखेत हत्यार दडवायला जागा चाचपत होते! अशा माणसापुढे दरोडेखोर परवडला. तो निदान देवाला मध्ये घालीत नाही.

"सरकार, पण बेलभंडार..."

"ते आम्ही पाहू. तू कातडे पाहा. बापजाद्यांपासून गडाचे मीठ खाता आहात."

खाल्ले होते खरे. मिठाला जागावे की शपथेला, या विचारात दुल्बाजी कितीतरी वेळ तमंचा पुढ्यात घेऊन बसला. मग उठला, तो कमावलेल्या चामड्याकडे गेलाच नाही; त्याने कुंडातले रेड्याचे कच्चे कातडे ओढले. कमावलेले चामडे ओले करून हत्यारावर बसवले, तर सुकल्यावर आकार धरते आणि हत्यार सोडते. कच्चे कातडे सुकता सुकता आवळत जाते. तडकलेले जू सांधायला कुणबी तेच गुंडाळतात. त्याने ते तमंच्याभोवती घट्ट ओढले आणि आरीने भोके पाडून तातीने शिवले.

"शी! काय ही घाण! आणि ओले का?" दुसऱ्या दिवशी हैबतरावांनी नाक मुरडले.

"अंगाच्या उबेने सुकेल, सरकार, आणि अगदी पक्के बसेल."

त्या दिवशी गडावर याहून खरे कोणी बोलले नाही. हैबतरावांनी तमंचा ओढून पाहिला. लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. मग त्यांनी म्यानावर केवड्याचे अत्तर ओतले. जन्म कातड्यात गेलेल्या दुल्बाजीला त्या वासाने प्रथमच ओकारी आली.

दुपारी सिदोजीराव तलवार दरवाजात ठेवून सदरेवर आले. पायरीशी कारखान्याच्या माणसांत उभ्या दुल्बाजीची इकडे आड तिकडे विहीर झाली होती: म्यान सुकले नसेल तर पाहुणा जाणार, सुकले असेल तर आपले डोके.

हैबतरावांनी हसत विडा पुढे केला. दुसरा हात अंगरख्यात गेला. तमंचा हलेना. त्यांनी दात आवळून हिसडा दिला, तसे अंगरख्याचे बंद तुटले आणि म्यानासकट तमंचा सगळ्या सदरेपुढे काखेखाली लोंबू लागला.

सिदोजीराव मोठ्याने हसले. घटकाभरात तह झाला. गड सिदोजीरावांना, हैबतरावांना जीवदान आणि वर दोन गावे. बेलभंडाराचे तबक पुन्हा आले. दोघांनीही ते कपाळी लावले. दुल्बाजीने मान फिरवली.

सायंकाळी सिदोजीरावांनी ते म्यान चाचपून कच्चे कातडे ओळखले, शिवणारा कोण ते विचारले आणि दुल्बाजीला बोलावून खांद्यावर शेला घातला आणि सेवकांना बाहेर काढले.

"तुझ्यामुळे वाचलो, जीनगर. आता एक काम. पुढल्या महिन्यात आमच्या धाकट्या भावाशी वाटणीची भेट आहे. असेच म्यान आम्हांस शिवून दे. मात्र कमावलेल्या चामड्याचे."

दुल्बाजीने शेला उतरवून त्यांच्या पायाशी टाकला.

"बैलाचे जू सांगा, शिवतो. हे नाही."

"मान जड झाली काय रे?"

"कालपासून जडच आहे, सरकार. उतरवा हवी तर."

त्यांनी मान ठेवली, उजव्या हाताचा अंगठा घेतला. बायकोच्या आधाराने तो गड उतरला, आणि पायथ्याच्या वाडीत पुढे ती शिवी व तो कातडे धरी.

पुढल्या महिन्यात सिदोजीरावांचा भाऊ भेटीतच पडला. शिवणारा दुसरा जीनगर मिळाला होता.