व्हिसावाल्या बालाजीला उलटा नवस

मंदार बर्वेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो माझ्याकडून हरत होता. हैदराबादच्या गौलीगुड्यातल्या आमच्या मराठी मंडळाचा गणपती, मांडवाच्या पत्र्यावर ताडताड पाऊस, आणि वादविवादाचा विषय – देव नाही हे तर्कानं सिद्ध होतं का? 'होतं' म्हणायला मी. दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये मी बँकेच्या परीक्षेचं रीझनिंग शिकवते. गणपतीसमोर उभं राहून गणपतीलाच नाही म्हणायची हिंमत दुसऱ्या कुणाची होणार?

"देवाला सगळं कळतं, सगळं जमतं, आणि त्याची सगळ्यांवर माया आहे म्हणता," मी सुरू केलं. "मग पाळण्यातलं लेकरू तापानं तडफडतं कसं? एकतर देवाला कळत नाही, नाहीतर जमत नाही, नाहीतर माया नाही. तिन्हीतलं काय सोडता, बोला!"

समोरचा उंच मुलगा नुकताच पुण्याहून सॉफ्टवेअरच्या नोकरीला आलेला. चष्मा पुसत म्हणाला, "आईसुद्धा बाळाला सुई टोचायला नेतेच की. माया असते म्हणूनच नेते."

"आई सर्वशक्तिमान नाही हो! सुईशिवाय बरं करता आलं असतं तर टोचू दिली असती का तिनं?"

टाळ्याच टाळ्या! आणि तो... हसला. हरलेला माणूस इतकं छान हसतो? मी परेशान.

प्रसादाच्या रांगेत माझ्यामागे येऊन म्हणाला, "उद्या नवा मुद्दा आणला तर चालेल?"

"आणा की. हरायचीच हौस असेल तर मी नक्को कशाला म्हणू?"

आणि बाई गं, आणला! क्लास सुटला की मिरची भज्यांच्या गाडीपाशी तो उभा – हातात गरम पुडा, आणि देवाच्या बाजूनं रोज एक नवा मुद्दा. मी भजी खायची आणि मुद्दा खोडायची. एकदा म्हणाला, "देवानं माणसाला निवडीचं स्वातंत्र्य दिलंय. दुःख माणसाच्या चुकीच्या निवडीतून येतं."

"किल्लारीला माझी मावशी होती," मी म्हटलं. "गणपती बोळवून झोपली, आणि पहाटेच्या भूकंपात घर अंगावर आलं. तिनं काय चुकीचं निवडलं होतं?"

 दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दा आणला नाही, नुसती भजी आणली. त्या दिवसापासून मी त्याला अरे-तुरे करायला लागले, आणि तो मला 'भामा' म्हणायला. आजीवरून ठेवलेलं हे नाव मला कधी आवडलं नव्हतं. त्याच्या तोंडून आवडलं.

मग एक दिवस तो पुड्याकडे बघत म्हणाला, "कंपनी अमेरिकेला पाठवतेय. व्हिसाची मुलाखत चेन्नईला आहे."

दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर कोलमडणार, या भीतीनं तेव्हा शहरातली निम्मी पोरं अमेरिकेला निघाली होती. त्यात हा एक.

"जा की," मी म्हटलं. "मला काय!"

"डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या."

"मिरची तिखट आहे."

दुसऱ्या दिवशी आईला जादा तासाची थाप मारून मी मेहदीपट्टणमहून चिलकूरची बस धरली. तिथला बालाजी म्हणजे व्हिसाचा देव. मागताना अकरा प्रदक्षिणा घालायच्या, मिळालं की एकशे आठ घालून नवस फेडायचा. सगळी पोरं व्हिसा दे, व्हिसा दे म्हणत पळत होती. आणि मी? तोंडाला ओढणी गुंडाळून पुटपुटत होते – मंदारला देऊ नकोस. फक्त याला नको. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. मांडवात देव खोडून काढणारी मी, देवापुढे आले तीही दुसऱ्याचं वाटोळं मागायला!

आणि व्हिसा नाकारला.

"बाबांनी अख्ख्या वाड्यात पेढे वाटून ठेवले होते," मंदार गाडीपाशी सांगत होता. "आता बाहेर पडत नाहीत ते. आई म्हणते, पुन्हा प्रयत्न कर." त्याचा चेहरा उतरला होता, आणि माझं मेलं काळीज आनंदानं उडी मारत होतं! हातातलं भजं मी तसंच पुड्यात ठेवलं.

पण बोललेला नवस न फेडता ठेवणं आमच्या घराण्यात बसत नाही. देव असो नसो. रविवारी मी पुन्हा चिलकूरला.

निम्म्याहून जास्त प्रदक्षिणा झाल्या असतील, आणि खांबापाशी कोण बसलेलं? मंदार! आता पळू कुठं? मान खाली घालून चालत राहिले. त्याच्यासमोरून एकदा, दोनदा, कितीतरी वेळा गेले.

"भामा," शेवटी तो आडवाच आला. "मी माझ्या अकरा घालून कधीचा बसलोय. तू थांबतच नाहीस. म्हणजे नवस फेडतेयस... काय मिळालं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. बँकेची नोकरी लागली म्हणता आलं असतं. त्या साध्या चेहऱ्याकडे बघून नाही जमलं.

"तुझा व्हिसा," मी म्हटलं. "मिळू नये म्हणून मागितलं होतं. तुझे बाबा घरात तोंड लपवून बसलेत, आणि मी इथं आभार मानतेय. सगळ्यांवर माया करणारा देव असता, तर माझ्यासारखीचं ऐकलं असतं का त्यानं?"

त्यानं चष्मा काढून पुसला. मला वाटलं, गेला हा आता.

"तुझ्या तर्कात खोट आहे," तो म्हणाला. "व्हिसा देवानं नाही घालवला. मी घालवला. खिडकीतला साहेब म्हणाला, परत कशावरून येशील? उत्तर पाठ होतं – आईबाबा, पुण्यातलं घर. पण तोंडातून निघालं, हैदराबादला एका मुलीशी वाद अर्धा राहिलाय. तो म्हणाला, लग्न ठरलंय का तिच्याशी? म्हटलं, नाही... अजून विचारलं नाही."

"येडा आहेस का तू?" मी इतक्या जोरात ओरडले की पोरं पळायची थांबली. ओढणी कुठं लपवू, तोंड कुठं लपवू! मी ज्याचं नुकसान मागत होते, तो तिकडं माझंच कारण सांगून स्वतःचं नुकसान करून आला होता.

"मग... विचारू?"

"आधी पुन्हा अर्ज कर," मी जमिनीकडे बघत म्हटलं. "या वेळी साहेबानं विचारलं तर सांग, ठरलंय."

"खोटं सांगू?"

"खोटं कशाला?"

 मी वर बघितलं, तर त्याचे डोळे भरलेले. इथं तर मिरचीही नव्हती.

राहिलेल्या पुऱ्या करून मी नव्यानं अकरा सुरू केल्या. या वेळी त्याला व्हिसा मिळावा म्हणून. तोही शेजारून चालायला लागला.

"तुझ्या झाल्यात ना?" मी विचारलं. "सकाळी काय मागितलंस?"

"व्हिसा दे. आणि भामाला सोडून जायला लावू नकोस."

"दोन्ही एकदम? हे कसं होईल रे?"

म्हटलं, आणि माझंच मला ऐकू आलं. हा आता बोलेल, देव सर्वशक्तिमान आहे ना! पण तो गप्प चालत राहिला, मला जिंकू देत. मग मीच म्हटलं, "होईल... जमेल त्याला."