लडक्याचा तारपा झडत नाही

भादवा सरत आला होता, हवा अशी की अंगातला शर्ट पिळला तर पाणी निघावं, आणि सुनिल डहाणू रोडच्या बाजारात जाडं ब्लँकेट मागत उभा होता. दुकानदार त्याच्याकडं बघतच राहिला.

"सुनिलभाय, लोकांना थंड करता करता तुम्हालाच थंडी वाजायला लागली की काय?"

"मला नाही. आईला हवंय, रानशेतला."

"रानशेतला? आता? तिथं तर माणूस बसल्या जागी भिजतो."

सुनिल नुसता हसला. त्याला तरी कुठं काय ठाऊक होतं? आई, बुधीबाई, शेजारणीच्या फोनवरून एवढंच बोलली होती: थंडी वाजते, ओठ फुटलेत, घोंगडी पुरत नाही. म्हातारं माणूस, ताप भरला असेल, असं धरून त्यानं गोळ्या घेतल्या, ओठांना लावायला मलमाची डबी घेतली, ब्लँकेट मोटारसायकलला बांधलं आणि निघाला.

आता हा सुनिल कोण ते सांगायला हवं. डहाणूच्या मसोलीत भाड्याच्या खोलीत बायकोबरोबर, शितलबरोबर, राहणारा एसीचा मेकॅनिक. चिकूवाल्यांच्या थंड खोल्या, बंगल्यांचे एसी, दवाखान्यांचे फ्रीज, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. दारू नाही, गुटखा नाही. व्यसन म्हणाल तर एकच, लॅपटॉपवरचा एक गेम. मारामारीचा नव्हे हो. त्यात स्वतःचं वस्तुसंग्रहालय चालवायचं. जुन्या वस्तू आणायच्या, काचेच्या पेटीत मांडायच्या आणि जपायच्या. प्रत्येक पेटीला आपलं यंत्र. किती थंड, किती दमट, ते आपण ठरवायचं. हवा कोरडी झाली की लाकूड तडकतं, दमट झाली की बुरशी चढते. बघे येतात, काचेसमोर उभे राहतात, संध्याकाळी दारं बंद झाली की जातात. दुसरा कुणी दोन दिवसांत कंटाळला असता. सुनिलचा तर हा धंदाच. दिवसभर लोकांच्या खोल्या थंड करून यायचा आणि रात्री जेवून पुन्हा तेच करत बसायचा. शितल म्हणायची, लग्न माझ्याशी केलंत की कॉम्प्रेसरशी?

आणि त्या गेममध्ये त्यानं एक वस्तू ठेवली होती, जी ठेवायला नको होती.

त्याचा बाप, लडक्या, तारपा वाजवायचा. दुधीचा पोकळ भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढं ताडाच्या पानाचा कर्णा. लडक्यानं फुंकला की सगळा पाडा फेर धरून नाचायचा. होळीनंतर लडक्या गेला. त्या पाड्याची रीत अशी, की वाजवणारा गेला की त्याचा तारपा घरात ठेवायचा नाही आणि दुसऱ्या कुणी फुंकायचा नाही. शिवेवरच्या मोहाच्या झाडाला टांगायचा. ऊन त्याला वाळवतं, पाऊस कुजवतो, मेण सुटतं, पान झडतं. तारपा झडून पडला की आतला वारा मोकळा झाला, माणूस वाटेला लागला. तोवर तो घराच्या आसपासच असतो.

सुनिलच्या जिवाला ते लागलं. बाचा तारपा कुजायला टांगायचा, हे त्याला बघवेना. रीत मोडायची तर छाती नव्हती. मग त्यानं मधला मार्ग काढला. टांगण्याआधी तारपा घरात मधल्या खांबाला टेकवला आणि फोन घेऊन भोवती फिरत फोटो काढले. हल्ली तसं ॲप असतं, फोटोंवरून वस्तू हुबेहूब उभी करतं, आणि ती गेममध्ये आणता येते. बुधीबाई तारप्याशेजारीच बसलेली.

"आये, जरा बाजूला हो ना. तूपण येशील त्यात."

"येऊ दे. त्याच्यापाशी बसू दे मला."

तर तीही आली. तारपा, खांब, शेणानं सारवलेली जमीन आणि गुडघे पोटाशी घेऊन बसलेली आई. सुनिलनं तो अख्खा कोपराच काचेच्या पेटीत बसवला. अठरा अंशांवर थंड, हवा कोरडी, झाकण घट्ट. भोपळ्याला आणि बांबूला तेच मानवतं, त्याला पक्कं माहीत होतं. बाचा तारपा आता कधी झडायचा नाही, म्हणून त्या रात्री तो पोटभर रडला आणि शांत झोपला. लॅपटॉप तेव्हापासून चालूच असायचा.

आशागड मागं पडलं, रानशेत आलं. भातखाचरं काठोकाठ भरलेली, कुडाच्या भिंतींना शेवाळ, आंगणात चिखल. पाड्याच्या शिवेवर मोहाखाली हाल्याकाका उभा होता, बापाच्या बरोबरीचा म्हातारा. वर फांदीला लडक्याचा तारपा टांगलेला. अख्खा पावसाळा डोक्यावरून गेला होता आणि तारपा कालच मेण लावून बांधल्यासारखा दिसत होता. पावसाची भुरभुर चालू होती; पानांवरून थेंब ओघळत होते; तारप्यावर एक थेंब नव्हता.

"झडत नाय," काका हळूच म्हणाला. "दिवाळीला नवा तारपा फुंकायचाय पोरांना. हा असा वर असताना कुणाची हिंमत होणार?"

सुनिल घराकडं वळला.

दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच थबकला. तोंडावर जी हवा आली ती त्याच्या ओळखीची होती. चिकूच्या थंड खोलीचं दार उघडल्यावर येते ना, तीच. कोरडी, बिनवासाची. बाहेर जग भिजून चिंब आणि आत जमिनीला उन्हाळ्यातल्यासारख्या भेगा. चुलीचा वास नाही, गुरांचा नाही, माणसाचासुद्धा नाही. मडक्यातलं मीठ वाळूसारखं सुटं.

बुधीबाई खांबाला टेकून बसली होती. गुडघे पोटाशी. हाताची कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली, ओठांना चिरा पडून रक्त वाळलेलं. पोराला बघून तिनं हसायचा प्रयत्न केला आणि ओठ पुन्हा फुटला. सुनिलनं ब्लँकेट तिच्याभोवती गुंडाळलं.

"कधीपासून असं, आये?"

"तुझा बा गेला तेव्हापासून... गेला कुठं म्हणा. इथंच बसलाय माझ्याशेजारी. निघतो म्हणतो, पण त्याला दार सापडत नाय."

सुनिलनं मलमाची डबी उघडली.

"आणि ती माणसं येतात," ती म्हणाली.

"कुठली माणसं?"

"शहरातली. चपला घालून आत येतात. उभी राहतात, माझ्याकडं बघतात. बोलत नायत. दिवस मावळला की जातात." तिनं ब्लँकेट ओढून घेतलं. "सुनिल, त्या सगळ्यांची तोंडं चार-पाचच रं... तीच तीच तोंडं, कपडे तेवढे वेगळे."

त्याच्या गेममधल्या बघ्यांची तोंडं चार-पाचच होती. बनवणाऱ्यानं कंजूषपणा केलाय, म्हणून तो आणि शितल कितीदा हसले होते. तो तडक आंगणात आला. तिथं रेंज बरी येते. त्यानं शितलला फोन लावला.

"लॅपटॉपसमोर बस. बाची पेटी दिसते? तिचं यंत्र बंद कर."

"का? एवढी जपता, आणि—"

"शितल, माझी आई मरतेय. बंद कर."

तिनं पुढं विचारलं नाही. फोनमध्ये एक बारीकशी टक वाजली.

आंगणातून शिवेवरचा मोह दिसायचा, तिकडं बघत तो उभा होता. आधी भोपळा काळा पडला. मग सगळा पावसाळा एकदमच त्याच्यावर कोसळावा तसं झालं. मेण ओघळलं, नळ्या सुटल्या, ताडाचं पान चिंध्या होऊन लोंबलं आणि तारपा तुकड्यातुकड्यांनी चिखलात पडला. हाल्याकाकानं हात जोडले. घराच्या उघड्या दारातून एक झुळूक आली आणि सुनिलच्या अंगावरून पुढं गेली. तिला बाच्या तंबाखूचा वास होता. सुनिल हुंदका देऊन रडला. वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं.

"ऐका ना," फोनमध्ये शितल म्हणाली, "इथं लाल खूण आलीय. बुरशी चढतेय म्हणे."

"चढू दे. तारपा गेला."

"तारपा तर दिसतच नाही आता..." तिचा आवाज बारीक झाला. "बुरशी आईंवर चढतेय."

तो धावत आत गेला. बुधीबाई तशीच बसली होती. मनगटापासून कोपरापर्यंत करडी-हिरवी लव उगवली होती आणि बघता बघता ती गळ्याकडं सरकत होती. भिजलेल्या गोणपाटाचा वास घरभर सुटला होता. ती ओरडत नव्हती. नुसती त्याच्याकडं बघत होती.

"चालू कर... शितल, चालू कर यंत्र."

"किती ठेवू?"

आयुष्यभराचा धंदा त्या एका घटकेला कामाला आला. "चोवीस. दमटपणा निम्म्यावर."

लव थांबली. वाळली, आणि राखेसारखी झडून ब्लँकेटवर पडली. बुधीबाईनं लांब श्वास घेतला आणि पाणी मागितलं. सुनिलचा जीव भांड्यात पडला.

"आईंना पेटीतून काढूनच टाकू का?" शितलनं हलकेच विचारलं. "तसं बटण आहे."

त्या बटणानं काढलेली वस्तू गेममध्ये पुन्हा कधी सापडत नसे. कुठं जाते, कुणाला माहीत. इथं आई सुटेल की संपेल, हे कोण सांगणार?

"हात लावू नकोस त्या बटणाला," सुनिल म्हणाला.

मग त्यानं काय करायचं ते केलं. मसोलीच्या खोलीत इन्व्हर्टर बसवला. बाहेरगावची कामं सोडली. वीज गेली की हातातलं काम टाकून घरी पळायचा; गिऱ्हाईकं तोंडावर शिव्या द्यायची. पण आई सुधारली. ओठ भरून आले, दोन वेळा भात जेवू लागली. हाल्याकाका म्हणायचा, बुधी तर दहा वर्षं मागं गेली. तिची नखं वाढत नव्हती, केस वाढत नव्हते, ते फक्त शेजारणीच्या ध्यानात आलं. सुनिलला ते कळलं तेव्हा, खोटं कशाला सांगू, त्याला आनंद झाला. बाप गेला, आई आता जायची नाही, हातचं यंत्र आहे तोवर तर नाहीच.

दिवाळीत पाड्यावर नवा तारपा घुमला. त्याच संध्याकाळी, मसोलीत दिवेलागणीला, सुनिल पेटीवर नजर टाकायला बसला. संग्रहालयाची दारं बंद झाली होती, बघे निघून गेले होते. एकजण मात्र काचेसमोर उभा होता. त्या चार-पाच तोंडांतला तो नव्हता. अनवाणी, कमरेला लंगोटी, डोक्याला फडकं, पाठीत किंचित वाकलेला. सुनिलनं ती पाठ लहानपणापासून पाहिली होती, नाचाच्या फेरात, सगळ्यांच्या पुढं.

तेवढ्यात फोन वाजला. शेजारणीचा नंबर होता. पलीकडं आई होती.

"सुनिल... तुझा बा आलाय. बाहेर उभाय."

"आये, थंडी वाजते का? वाढवू जरा?"

"नाय रं. सगळं बरं हाय. मला न्यायला आलाय तो. कवापासून वाट बघतोय." तिच्या आवाजात भीती नव्हती. नव्या नवरीसारखी ती हळूच बोलत होती. "एवढं दार उघड ना."

सुनिलचं बोट पेटीतून काढायच्या त्या बटणाशी गेलं आणि मागं आलं. "उद्या बघू, आये," तो म्हणाला.

"उद्या नको. टकटक करतोय बघ... तुला ऐकू येत नाय का?"

येत होतं. काचेवर बोटाच्या पेरानं कुणी वाजवावं तसं, सावकाश. सुनिलनं घाईघाईनं लॅपटॉपचा आवाज पार बंद केला. टकटक थांबली नाही, आणि स्वयंपाकघरातून शितल म्हणाली, "जरा उठा ना, दारात कोण आलंय बघा."