खांबावरची रेघ

ग्रिगोरेकाका नगरपालिकेतून निवृत्त झाले, तरी संध्याकाळी कार्यालयात येऊन बसायचे. त्या दिवशी वीज गेली आणि नव्या कारकुनांनी त्यांना घेरलं.

"आपल्या ट्रान्सिल्व्हेनियातली भुतं पर्यटकांसाठी असतात," काका म्हणाले. "पण साबिनला मी ओळखत होतो."

नगरपालिकेत साबिनकडे गावाबाहेरच्या तळ्याची देखरेख होती. पावसाचं पाणी तिथं अडायचं, गाळ तळाशी बसायचा. दर नोव्हेंबरला काठी तळापर्यंत रोवून गाळ मोजायचा. आधीचा मोजणीदार आव्राम, काठीला चिखल जिथवर लागे, तेवढ्या उंचीवर फाटकाच्या खांबावर चिखलाची रेघ ओढी. कुणीही पडताळावं. आव्राम वारला. साबिन खुर्चीतूनच मोजू लागला: गेल्या वर्षीच्या आकड्यात चार सेंटिमीटर मिळवले, झालं. तीन वर्षं गाळानंही तक्रार केली नाही.

चौदा नोव्हेंबर, शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. डोंगरात मुसळधार पावसाचा इशारा.

"तळ्यात जागा आहे ना?" साहेबांनी विचारलं. "नाहीतर खालची गल्ली रिकामी करू."

"भरपूर आहे," साबिन म्हणाला. पण त्या गल्लीत त्याची बहीण लिडिया राहायची, दोन लेकरांसह. तो काठी घेऊन निघाला.

खांबावर ओली रेघ होती. एक मीटर दहा.

राखणदाराचाच चावटपणा! त्यानं फोन लावला. "दोरू, ही रेघ कशाला ओढलीस रे?"

"मी क्लुजला आहे, लेकीच्या लग्नात! उद्यापासून नाताळचा उपास, मग लग्नं बंद, म्हणून आजच उरकतोय." मागे बँड वाजत होता. मग दोरूचा आवाज उतरला. "परत आली?"

"परत म्हणजे?"

"तीन वर्षं पुसतोय, साहेब. मला वाटायचं... तुम्हीच ओढता."

साबिन तळ्यावरच्या पुलावर गेला. काठी सोडली. गाळात अडली. मग... कुणी खालून धरल्यासारखी, सावकाश, आत गेली. तळाला टेकली.

वर काढली. चिखल एक मीटर दहा.

मागे फाटक वाजलं. वारा नव्हता.

तो पळाला. पळतापळताच फोन केला. "गल्ली रिकामी करा, साहेब. माझे आकडे खोटे आहेत. सगळे."

नऊला तळं फुटून वाहिलं. लिडियाच्या स्वयंपाकघरात छतापर्यंत पाणी. घरात कुणी नव्हतं.

"आणि साबिनची नोकरी?" एकीनं विचारलं.

"गेली. खुर्ची मला मिळाली." काका म्हणाले. "सोमवारी त्याच्या खोलीचं कुलूप मीच उघडलं. खुर्चीमागच्या भिंतीवर..."

काकांनी आपली खुर्ची जरा पुढे ओढली.

"बसलं की ती रेघ बरोबर गळ्याशी येते. चारदा रंग दिला... अजून ओली आहे."