साठच्या आत

शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५. आभाळ निरभ्र, थंडी बोचरी, वारा पडलेला. चंद्र मध्यरात्रीशिवाय उगवणार नव्हता. रात्री नऊच्या सुमारास अश्वजित आपल्या आईला घेऊन आर्वीच्या दवाखान्यातून आष्टीला निघाला.

पोरांनो, अश्वजितला तुम्ही ओळखता. आर्वीला कचेरीत कारकून आहे, नाकासमोर चालणारा माणूस. त्यानं सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

त्याच्या आईचं, तानाबाईंचं, मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं. दोन वर्षं त्यानं तिला एसटीनं नेलं-आणलं. परतताना मान टाकून बसायची बिचारी. एकदा तर रात्री भाड्याची ऑटो वाटेतच बंद पडली आणि ती दीड तास रस्त्याच्या कडेला कुडकुडत बसली. त्यानंतर त्यानं नवी कार घेतली. ही गाडी कधीच वाटेत दगा देता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

म्हणून शोरूमच्या निकेशनं सांगितलेला शब्दन्‌शब्द त्यानं मनावर घेतला. "साहेब, पहिले हजार किलोमीटर इंजिन आपल्या चालीनं बसू द्या. साठच्या वर नेऊ नका, अन् एकाच स्पीडनंही नका चालवू. कधी चाळीस, कधी पंचावन्न. पुढचं सारं आयुष्य याच्यावर हाय."

पण रस्त्यावर कोण ऐकून घेतो? मागून ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन जीव घ्यायचे. कापसाचा ट्रॅक्टर पुढं निघून जायचा आणि वर बसलेले मजूर हात हलवायचे. शेजारचा विवेक तर रोज टपलेला. "काऊन गा अश्वजितभाऊ, कार घेतली का बंडी? बैल कुठं हायेत?"

"इंजिन काय तुह्या बापाचं हाय?" अश्वजित वैतागून म्हणायचा.

बायको पौर्णिमाही तसलीच. "तुमच्यासंगं आर्वीले जाण्यापरीस मी पायी जाईन. लवकर पोचीन." मात्र सीटांवरचं प्लॅस्टिक काढू देईना. सहा महिने तरी राहू द्या, म्हणे, मळेल. त्यामुळे गाडीत जरा कोणी हललं, की चर्रकन आवाज व्हायचा.

आता त्याच आठवड्यातल्या बुधवारची गोष्ट. तो एकटाच होता आणि कचेरीतून निघायला उशीर झालेला. तळेगाव मागं पडल्यावर रस्त्याच्या कडेला एसटीचा जुना निवारा लागतो. रस्ता रुंद झाला तेव्हापासून तिथं एसटी थांबत नाही. सगळ्या गाड्या नव्वद-शंभरनं निघून जातात. त्या निवाऱ्यासमोरून इतक्या सावकाश जाणारी गाडी कित्येक वर्षांत हीच असेल.

निवारा मागं गेला आणि समोर लाल दिवा लागला. टूं, टूं, टूं... मागच्या डाव्या सीटवर कोणी बसलं आहे, त्यानं पट्टा लावलेला नाही, असं गाडी सांगत होती.

सीट रिकामी होती.

त्यानं गाडी थांबवली. उतरून सीट चाचपली, प्लॅस्टिक झटकलं, दार पुन्हा आपटून लावलं. निघाला. टूं, टूं, टूं... परत थांबला. परत तेच. आठ दिवसांची गाडी आणि ही कटकट! त्याचं डोकं फिरलं. मग त्यानं आपल्याकडं कोणीही करील तेच केलं. आपण नाही का, पट्टा पाठीमागून अडकवून त्या टूं-टूंचं तोंड बंद करत? तसा त्यानं रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि खटकन अडकवून टाकला.

आवाज थांबला.

पुढं एक कच्च्या रस्त्याचा फाटा आहे. फाटा आला तेव्हा मागं प्लॅस्टिक चर्रर्र वाजलं. परत वाजलं, जरा जास्त वेळ. काचा सगळ्या बंद होत्या.

गुरुवारी गाडी ओढेना. साध्या चढावर दुसरा गिअर टाकावा लागला. त्यानं निकेशला फोन केला.

"साहेब, मागं किती जण बसवता?"

"अरे, कोणीच नाई!"

"मग डिक्कीत वजन हाय काय?"

"स्टेपनी हाय स्टेपनी! काय धान्य भरून फिरू काय?"

"नवीन गाडी हाय साहेब. मोकळी होईन हळूहळू."

असं सगळं. त्याचं म्हणणं ना घरात कोणी ऐकत होतं, ना शोरूमात.

आणि मग तो शुक्रवार. तानाबाईंच्या डाव्या हाताला सुया टोचून जाडजूड पट्टी बांधलेली असते, त्या हातात जोर राहत नाही. त्यानं तिला ड्रायव्हरच्या मागं बसवलं, पाठीला उशी दिली. "माय, बाजूच्या पट्ट्याले हात नको लावू. मग पोंगा वाजते."

तो पट्टा बुधवारपासून तसाच अडकवलेला होता. तिनं डोळे मिटले. दमली होती.

तळेगाव गेलं. निवाराही गेला. त्यानं मुद्दाम तिकडं पाहिलं नाही. काटा पंचेचाळीसवर.

मागून आईचा बारीक आवाज आला. "कवापासून बसून हाय व बाई?"

तिला ग्लानी आली असेल, असं त्याला वाटलं. "माय, कोणाशी बोलून राह्यली?"

"इच्याशी."

त्यानं आरशात पाहिलं. आईचं तोंड डावीकडं वळलेलं. तिच्या बाजूला कोणी नव्हतं. फक्त पट्टा होता...

पट्टा सीटला टेकलेला नव्हता. पुढं फुगलेला होता. एखाद्याच्या अंगावरून घेतल्यासारखा.

  हात स्टिअरिंगवर. नजर रस्त्यावर.

मागं प्लॅस्टिक चर्रर्र...

"अशू, थांबव. इचं गाव आलं."

दिव्यांच्या उजेडात फाटा दिसू लागला.

"माय, गप बस."

"उतरायचं हाय म्हणते. बुधवारीच उतरायचं होतं म्हणते. पट्टा सोड म्हणते." मागं पट्ट्याचं बटण खटखट वाजलं. "माह्या हातानं निघत नाई रे. तू थांब अन् सोड."

थांबायचं... उतरायचं... मागचं दार उघडायचं... आणि त्या सीटवर वाकून हात घालायचा.

त्यानं ॲक्सिलरेटर दाबला.

साठ.

त्याचा पाय किंचित अडखळला. तेवढ्यातही अडखळला. मग त्यानं पूर्ण दाबला.

ऐंशी. इंजिन ओरडायला लागलं. इतक्या दिवसांत त्याचा तो आवाज त्यानं ऐकला नव्हता.

"अशू..."

शंभर.

"अशू, ते रडून राह्यली रे..."

फाटा डाव्या काचेतून गेला. दिसला, गेला.

चर्रर्र... चर्र...

मग काहीच नाही. 

आष्टीत त्यानं दारासमोर गाडी उभी केली. पौर्णिमानं तानाबाईंना हाताला धरून आत नेलं. त्यानं आतला दिवा लावला. पट्टा सीटला चिकटून पडलेला. बटण दाबलं, पहिल्याच दाबाला सुटला. नंतर आई त्या बाईबद्दल एवढंच म्हणाली, "पोरीसारखी होती." 

शनिवारी निकेशनं इंजिन उघडून पाहिलं. इंजिनाला काहीही झालं नव्हतं. पण गाडी शोरूमच्या सपाट फरशीवर उभी केली, तेव्हा मागची डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली बसलेली दिसली. स्प्रिंग बदलली. मग दोन्हीकडच्या बदलल्या.

तानाबाई आता पुढच्या सीटवर बसतात. गाडीत दुसरं कोणी नसलं तरी मागची डावी बाजू दोन बोटं खालीच असते.