शेवटचा घास

गच्चीवर सगळे बसले होते, तेवढ्यात वीज गेली. श्यामसुंदरकाकांनी घसा खाकरला.

"संपत सुतार माझ्या माहितीतला. कसब्यातच राहायचा. खोटं वाटेल त्याने उठून जावं. जिन्यात अंधार आहे."

कोणी उठलं नाही.

साल अडुसष्ट, रथसप्तमी. अनंतराव मास्तरांनी संपतकडे परदेशी हरणाचं पेंढा भरलेलं, लाकडी फळीवर बसवलेलं मुंडकं दुरुस्तीला टाकलं होतं. संपतने शिंगं पुसली. तोंडातली वाळकी काडी कचरा समजून ओढली आणि पेटत्या बंबात टाकली.

संध्याकाळी मास्तर आले ते मुंडक्याच्या तोंडाकडेच बघत राहिले.

"डहाळी कुठंय?"

आता हे खोट काढणार, संपतला वाटलं. "बंबात गेली."

मास्तरांनी मुंडकं जवळ ओढलं. हे हरीण युरोपातल्या एका सरदाराच्या शिकारमहालातलं, ते म्हणाले. लढाईत महाल जळाला. आता तिथे रान आहे, चौथरासुद्धा नाही. त्याआधीच विकलं गेलं म्हणून हे वाचलं.

"तिथे जनावर मारलं की त्याच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायचे. शेवटचा घास."

"आपल्याकडे तुळस ठेवतात, तसं."

"तसंच. फक्त तिथे मारणारा ठेवतो."

"आणि काढून घेतली तर?"

मास्तरांनी चपला घातल्या. "उद्या नेतो," एवढंच म्हणाले.

आत खाटेवर संपतचे वडील, भैरूआबा, अखेरच्या घटका मोजत होते. तुळस तूच घाल, एवढंच त्यांनी लेकाकडे मागितलं होतं. संपतच्या बायकोने, कुसुमने, वाटीत पान भिजत ठेवलं होतं.

चंद्र मावळला. संपतचा डोळा लागला.

आवाज आला. कोणीतरी चघळत होतं. सावकाश.

त्याने कुसुमकडे संशयाने पाहिलं. ती झोपेत होती. शेजारची शेळी असेल... पण दाराला आतून कडी होती.

कंदील घेऊन तो अंगणात गेला. तुळशीच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या.

परत आला. वाटी रिकामी.

मुंडकं भिंतीला टेकलेलं. ओठ ओले.

"आबा?"

आबा गेले होते. तोंड घट्ट मिटलेलं. संपतने बोटाने ओठ उघडले.

काका थांबले.

"आत काय होतं?" कठड्याजवळ बसलेल्या शकूने विचारलं.

"वाळकी डहाळी. बंबात टाकलेली."

"कुसुमनेच ठेवली असणार."

"संपतलाही तसंच वाटलं. आणि कुसुमला वाटलं, संपतने. जन्मभर." काका उठले, जिन्याकडे वळले. "पण त्या डहाळीच्या टोकाला हिरवं पान फुटलं होतं. मारणारा ठेवतो ना? मग ती कोणी ठेवली?"