लाखीची झूल

पौषातलं धुकं कृष्णेवरून उठून पलूसच्या रानांवर येऊन बसलं होतं. चार हातांपलीकडचा ऊस दिसत नव्हता. बया कमरेवर घागर घेऊन विहिरीकडं निघाली होती, आणि धुक्यात वाट चुकून ती एका छपराशी येऊन थांबली.

छपरात एक पिवळसर तांबडी घोडी उभी होती. अंगावर दोन लष्करी कांबळी जोडून शिवलेली जाड झूल, पोटाखालून पट्टा आवळलेला. गारठा एवढा, की बयाच्या तोंडातून वाफ निघत होती… आणि घोडीच्या मानेवरून मात्र घाम ओघळत होता.

बयानं घागर खाली ठेवली. झुलीखाली हात घातला. आत सगळं ओलं, कोंदट. खांद्यावरची लव घासून गेलेली.

"आगं माजे आये!" ती पुटपुटली आणि पट्ट्याची गाठ सोडू लागली.

"कोण हाय तिथं? हात काढ!"

धुक्यातून एक उंच तरुण पुढं आला. अंगात खाकी कोट, दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल. त्यानं पट्टा धरला. त्याचा हात तिच्या हातावर पडला, आणि दोघांनीही तो एकदमच मागं घेतला.

"घोडी घामानं भिजलीया," बया म्हणाली. "काढा ही."

"थंडी हाय."

"तुमाला असंल. तिला इचारलंत का?"

तो क्षणभर बघतच राहिला. अशा आवाजात त्याच्याशी बरेच दिवस कुणी बोललं नव्हतं.

"पलटणीत झूल घालायचा हुकूमच असतुया," तो म्हणाला.

"हितं कुठाय पलटण? देवानं तिला लव दिलीया. गारवा पडला की ती उभी ऱ्हाती, आत ऊब धरती. तुमी वरनं दाबून ठेवल्यावर तिनं काय करावं? आमची तट्टं बघा. उघड्या रानात हायत."

"तुमची तट्टं आनि ही एक न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या! शिजवा तिला झुलीत. मरंल एक दिस!"

शब्द तोंडातून गेला आणि बयाला कळलं, काहीतरी चुकलं. त्याचा चेहरा एकाएकी राखेसारखा झाला. सोडलेली गाठ त्यानं पुन्हा बांधली आणि घोडीच्या मानेला कपाळ टेकवून उभा राहिला.

बया घागर न भरताच परतली.

तिचा बाप बिराप्पा जतकडचा धनगर. माळ सुकला की शंभरभर मेंढरं, दोन तट्टं आणि एकुलती एक लेक घेऊन तो कृष्णाकाठी उतरायचा. इथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत आणि बदल्यात ज्वारी देत. यंदा साळूबाईनं बोलावलं होतं. तिचं रान मोठं, पण राबणारे हात उरले नव्हते.

त्याच दुपारी साळूबाईनं बयाच्या ओंजळीत ताक ओतता ओतता सगळं सांगितलं.

"घोडी माज्या थोरल्याची. भाऊसोची. शिंगरू हुती तवापास्नं त्यानं वाढवली. लाखी नाव बी त्यानंच ठेवलं. त्यो गेला बरमाच्या लढाईवर… कागद तेवढा आला." तिनं पदर डोळ्यांना लावला नाही, नुसता हातात चुरगाळला. "ह्यो धाकला, सयाजी. ह्यो इटलीत हुता, खच्चरांच्या पलटणीत. दसऱ्याला घरी आला. आला, पर आला न्हाई बग अजून. दिवाळीपास्नं त्या घोडीला गुंडाळून बसलाय. धा येळा उठून झूल चाचपतो."

बयाला सकाळचा आपला 'मरंल' आठवला, आणि तिनं ताकाची ओंजळ तशीच खाली केली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सयाजी स्वतःच मेंढरांच्या वाड्याशी आला. बया तट्टांना सोडत होती. त्यांच्या पाठीवर दव चमकत होतं. लव अशी फुललेली, की दोन्ही जनावरं दुप्पट जाड दिसत होती.

"हात लावू?" त्यानं विचारलं.

"चावत न्हाईत ती. मी चावते."

त्याच्या दाढीत कुठंतरी हसू हललं, पण बाहेर आलं नाही. त्यानं तट्टाच्या पाठीवर तळवा ठेवला. वर दव, गारेगार. बयानं त्याचं मनगट धरलं आणि बोटं लवेच्या मुळाशी नेली. तिथं चुलीजवळच्या भिंतीसारखी ऊब होती.

"आता कान. टोक न्हवं, बूड धरा. बूड गार लागलं तर समजायचं, जनावर गारठलंय. गरम हाय न्हवं?"

"हाय…" तो म्हणाला. मनगट अजून तिच्या हातात होतं. तिच्या ध्यानात आलं तशी तिनं ते सोडलं आणि उगीचच तट्टाच्या गळ्यातली दोरी सारखी केली.

मग तो बोलू लागला. तिच्याकडं न बघता, उसाकडं बघत.

"तिकडं डोंगरात बर्फ पडायचं. माज्याकडं एक खच्चर हुतं. काळं, लय हट्टी. त्याच्या अंगावरचं केस आमीच कातरलेलं, हुकमानं. त्यामुळं झूल लागायचीच. एका सांजंला जखमी गडी आलं. पांघरुणं कमी पडली. मी त्याची झूल काढून एका गड्याला घातली… सकाळी दोगं बी न्हवतं. गडी बी, खच्चर बी."

बयानं त्याला समजावलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तितलं मला ठावं न्हाई. त्या मुलखात तुमी काय करायचं हुतं, ह्ये मी कशी सांगू? हितलं ठावं हाय. लाखीची लव कातरलेली न्हाई."

त्यानं तट्टाच्या लवेत पुन्हा एकदा बोटं घातली. जाताना म्हणाला, "दुपारी ये. दोगं मिळून काढू."

आधी त्यांनी उन्हाच्या वेळी झूल काढली. मग सकाळची काढली. प्रत्येक वेळी सयाजी लाखीच्या कानाचं बूड धरून बसायचा, आणि बया गवताची मूठ घेऊन तिचं अंग चोळायची. एकीकडून ती, दुसरीकडून तो. मधे घोडीची पाठ.

"इकडचं अंग लख्ख झालं. तुमच्याकडचं बघा," ती चिडवायची. "पलटणीत हेच शिकवलं व्हय?"

"पलटणीत समोर बया नसायची."

"मग?"

"मग… ध्यान कामात असायचं."

बया घोडीच्या पाठीआड वाकायची ती गाल निवेपर्यंत वर यायची नाही. कधी पाठीवरून दोघांची बोटं एकमेकांत यायची. कुणीच आधी काढायचं नाही. लाखीच मग मान झटकायची.

पाचव्या दिवशी झूल खुंटीवर गेली. लाखीची दबलेली लव उभी राहू लागली, तिच्या अंगाचा कुबट वास गेला. आठव्या दिवशी सयाजीनं दाढी केली. साळूबाईनं ते पाहिलं. त्या दिवसापासून ती बयाला ताकाला बोलावीनाशी झाली. मराठ्याच्या घरचा लेक आणि माळावरच्या धनगराची पोर… गावात बोलायला तेवढं पुरे होतं.

बयालाही ते कळत होतं. मेंढरं उचलायला चार दिवस राहिले होते. ती मोजत नव्हती, पण सकाळ झाली की मनात आकडा आपोआप कमी व्हायचा.

अमावास्येच्या दुपारी पश्चिमेकडून काळा ढग आला. पौषात असा पाऊस कुणी पाहिला नव्हता. आधी झोंबरा वारा, मग बोराएवढ्या गारा, मग आडवा पाऊस. बिराप्पा ज्वारी आणायला गावात गेला होता. रानात बया एकटी. मेंढरांभोवतीचं वाघुरीचं जाळं वाऱ्यानं उपटलं, मेंढरं भेदरून एकावर एक चढली, आणि आठवड्याची कोकरं त्यांच्या पायांखाली आली. बया हाका मारत राहिली. कुणाला, ते वाऱ्यात कळत नव्हतं.

पावसातून सयाजी धावत आला. त्याच्या खांद्यावर लाखीची झूल होती.

त्यानं ती चार काठ्यांवर ताणली. खाली कोकरं कोंबली. उरलेला कोपरा बयाच्या डोक्यावर ओढला. थंडीनं तिची दातखीळ बसली होती. तो तिचे हात आपल्या हातांत चोळत राहिला, आणि ती काही विचारू शकली नाही. बिराप्पा धापा टाकत परतला तेव्हा तिन्हीसांज होत आली होती. सोळा कोकरं वाचली. तीन गेली.

मग बयाची दातखीळ सुटली.

"लाखी कुठाय?"

सयाजी आधीच उठून चालू लागला होता.

लाखी नदीकडच्या बांधावर चरायला बांधलेली होती. ती तिथंच उभी होती, वाऱ्याकडं पाठ करून. फुललेली लव पावसानं चापून अंगाला चिकटली होती. बयानं तिच्या कानाचं बूड धरलं. दगड.

त्यांनी तिला छपरात आणली. चोळली. शेकली. कोरडी घोंगडी घातली, गूळ-सुंठीचं पाणी पाजलं. पण तिच्या छातीत घरघर लागली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी लाखीनं मान टाकली. सयाजी तिच्याजवळ बसून होता. साळूबाई दारात उभी होती, आणि थोरल्या लेकाचा कागद आला तेव्हा जे रडायचं राहिलं होतं, ते सगळं ती त्या दिवशी रडली.

"हिच्या सांगण्यावरनं काढलास झूल!" ती बयाकडं बोट करून म्हणाली. "माज्या भाऊसोची तेवढी एकच खूण हुती. बिराप्पा, मेंढरं उचला माज्या रानातनं."

बिराप्पानं मान खाली घातली. सकाळी वाडा मोडला, तट्टांवर बिऱ्हाड लादलं.

नदीच्या उताराशी सयाजी उभा होता. बिराप्पानं लेकीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, आणि मेंढरं हाकत पुढं गेला.

"काकी खोटं न्हाई बोलल्या," बया म्हणाली. "झूल घालू नगा, ह्ये सांगितलं मी. भिजल्या जनावराला वाऱ्यात घालायची, ह्ये सांगायचं राहिलं. माजीच चूक."

"मला ठावं हुतं."

"काय?"

"पाच वर्सं जनावरं सांभाळली मी, बया. भिजलेलं जनावर आधी आत घ्यायचं, पुसायचं, झूल घालायची, ह्ये झोपेत बी सांगीन. झूल घिऊन मी लाखीकडंच निघालो हुतो. बांधावर आलो… आनि तुजी हाक आली." त्यानं ओठ घट्ट मिटले. मग म्हणाला, "मी वळलो. समजून उमजून वळलो. पुन्हा तसाच पाऊस आला तरी वळंन. ह्ये आयेला सांगायला तोंड न्हाई. तुला सांगितलं."

बया त्याच्याकडं बघत राहिली. नदीवरून गार वारा येत होता. तिच्या मनात काही आलं, ओठांपर्यंत आलं, आणि तिथंच थांबलं.

"ऱ्हा," तो म्हणाला.

"कशी ऱ्हाऊ? त्या घरात मला बघितलं की काकींना लाखी दिसंल. लाखी दिसली की भाऊसो." तिनं पदर खोचला. "सांभाळा त्यास्नी. आनि… दाढी वाढवू नगा परत."

ती वळली. पाण्यात उतरेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही. पाहिलं असतं, तर गेलीच नसती.

वर्ष सरत गेलं. चैत्रात बयाच्या मामानं आपल्या लेकासाठी, धुळासाठी, तिला मागणी घातली. ती नको म्हणाली. का नको, ते सांगेना. बिराप्पानंही विचारलं नाही. पुढल्या मार्गशीर्षात तो पुन्हा कृष्णाकाठी उतरला, पण पलूस टाळून दोन गावं पुढं.

तिथं एका सकाळी साळूबाई चालत आली. एकटीच. वाळून अर्धी झाली होती. बयानं तिला घोंगडी अंथरून दिली, पाणी दिलं.

"सयाजीनं सांगितलं मला," साळूबाई म्हणाली. "हाक, बांध… समदं. श्रावणात सांगितलं. महिनाभर मी बोलले न्हाई त्याच्याशी. मग इचार केला… माजा भाऊसो तिथं पडला, तवा त्याची हाक ऐकून कोण वळलं असंल का? वळला असता कोण, तर त्याला मी काय म्हनले असते? तू जनावर सोडून का आलास, असं म्हनले असते व्हय?" ती थांबली. "एक लेक लढाईनं नेला. दुसरा माज्या म्होरं झुरत चाललाय. भावकी बोलंल ते मी ऐकून घीन. तू घरी ये, पोरी. सून म्हनून ये."

बयानं बापाकडं पाहिलं.

बिराप्पा मेंढरांकडं बघत होता. "आमचं बी लोक बोलत्याल," तो म्हणाला. "बोलू द्यात. लेक माजी उघड्यावर वाढलीया, बाई. तिला कुणी दाबून बोललं तर तिला सोसायचं न्हाई, आनि मला बी."

"मी हाय न्हवं," साळूबाई म्हणाली.

दुपार कलता कलता तिघं पलूसच्या रानात पोचली. सयाजी पाटाच्या कडेला दारं मोडत होता, उसाला पाणी पाजत. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. आईला पाहून तो सरळ झाला. मग तिच्या मागं पाहिलं, आणि खोरं हातातून पाण्यात पडलं.

साळूबाई आणि बिराप्पा न थांबता घराकडं गेले.

दोघं समोरासमोर उभी राहिली. पाणी फुटून भलत्याच सरीत चाललं होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. तो वाळला होता. पण दाढी केलेली होती.

"मला एक सांगायचंय," बया म्हणाली. "नदीवर सांगायचं हुतं, धीर झाला न्हाई. त्या पावसात मी हाका मारत हुते… मेंढरासाठी न्हाई. माज्या आप्पाला बी न्हाई." तिनं मान वर केली. "तुमालाच मारत हुते. लाखी बाहीर हाय, ह्ये मला ठावं हुतं. तरी बी मारल्या."

सयाजीनं चिखलानं भरलेले दोन्ही हात कोटाला पुसले, नीट पुसले, आणि मग तिच्यापुढं धरले.